गोदीवरची हाळी

सोमवार, दुसरी पाळी सुटल्यावर

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या संस्कृती खात्याने माझी सही मागितली नसती, तर मी हे पत्र लिहिलं नसतं. राजधानीत सम्राटांच्या यानाला तू दिलेली हाळी हीच आमच्या गोदीची खरी स्वागताची हाळी, असा दाखला त्यांना हवा आहे. सही झाली की सीमेवरच्या सगळ्या अंतराळगोद्यांना तीच सक्तीची. आम्हालासुद्धा.

इकडे सर्व ठीक. हवेच्या नळ्या बदलल्यापासून आईचा खोकला कमी आहे. तिसरा धक्का अजून बंदच. तुझा सोहळा आम्ही उपाहारगृहातल्या पडद्यावर पाहिला. निळा झगा तुला शोभत होता. राजधानीचे उच्चारही चांगले बसलेत. "ताई" म्हणताना आता जीभ अडखळत असेल.

तू पहिला सूर लावलास आणि सगळे उठून उभे राहिले. हातातली हत्यारं खाली ठेवली. तू पाहिलं असतंस तर तुला वाटलं असतं, काय हा मान! क्रेनवाला माझ्या कानाशी लागला, "ताई, सम्राटांना कुणी कळवलंय का, ते गेले म्हणून?"

धाकटे, ती हाळी बाबांचं यान आलं तेव्हा आईने दिली होती. यानात प्रेत असलं तरच ती देतात. तू आईच्या कडेवर होतीस, तेवढीच तुझ्या कानात राहिली. त्यात तुझा दोष नाही. पुढे साम्राज्याच्या शाळेने तुला निवडून नेलं, आणि स्वागताची हाळी तर कामावर उभं राहूनच शिकावी लागते.

मी शिकले. पदवी घेऊन आले ती हाळी द्यायला बिनतारीसमोर उभी राहिले, अजून तिथेच आहे. यानांना वाट दाखवणारी यंत्रं आली, तरी आपले कप्तान हाळी ऐकल्याशिवाय यान धक्क्याला लावत नाहीत. इतक्या वर्षांत आईचा मला एकच शेरा : "दम पुरव."

त्या दिवशी चूक आईच्या सगळ्यांआधी लक्षात आली. मी म्हटलं, "ऐकलंस ना, काय गायली ती?"
डोळे पुसत म्हणाली, "गळा बघ पोरीचा!"

मी तिचं ताट उचललं आणि घासत बसले. ते स्वच्छच होतं.

सही करून तुला जन्मभर खोट्यात अडकवावं, की खरं कळवून चारचौघांत तुझी नाचक्की करावी? दोन्हींचा विचार करताना मला बरं वाटत होतं. म्हणून दोन्ही सोडलं.

खरी हाळी पाठवते आहे. पाठ कर आणि चूक तूच खात्याला सांग, म्हणजे तुझी पत राहील. आई म्हणाली, "माझ्या आवाजातलं जुनं मुद्रण पाठव." मी माझा पाठवला. कुणाकडून शिकलात असं कुणी विचारलं, तर आईचं नाव पुढे करू नकोस.

तुझी, आणि या गोदीची,
ताई

मालवाहू यानाच्या कप्तानाच्या हाती दिलं : दाखला, सहीविना. ध्वनिमुद्रण एक, स्वागताची हाळी, आवाज थोरलीचा. मुद्रणाच्या वेळी आई शेजारी बसली होती. शेवटपर्यंत "दम पुरव"सुद्धा म्हणाली नाही.