उचललेली गाडी

मंगळवार, ४ मार्च

दातांच्या दवाखान्यासमोर नो पार्किंगला गाडी लावलेल्या एकाची पावती फाडली. तो खाली आला तेव्हा अर्धं तोंड बधिर! शिव्या तर द्यायच्या होत्या बिचाऱ्याला, पण एकही धड बाहेर येईना. ओठ एकीकडे, शब्द भलतीकडे. शेवटी माझ्याकडे बघून नुसता हात झटकला आणि गाडीत बसला. या नोकरीत इतका सभ्य माणूस आजवर भेटला नव्हता.

बाकी नेहमीचंच. एक जण म्हणाला, गाडी बंद पडलीय हो, ढकलायला माणसं आणायला गेलो होतो. मी पावतीचं मशीन काढलं आणि गाडी चालू झाली. एका बाईने मागच्या सीटवर झोपलेलं मूल दाखवून हळू बोलायला सांगितलं. म्हणून पावतीही हळूच दिली. एक म्हातारे काका म्हणाले, तुझं कधी भलं व्हायचं नाही. म्हटलं, काका, ते आधीच ठरलंय, तुम्ही कशाला शाप वाया घालवता.

घरी आले तर आमचीच गाडी दारात तिरकी. एक चाक फुटपाथवर, शेपूट रस्त्यात. बाबा आत पेपर नाकाला लावून बसलेले.

या माणसाने जन्मभर लोकांना गाडी शिकवली. शहरात कुणी सरळ रिव्हर्स घेताना दिसला की म्हणतात, हा माझ्या हाताखालचा. आणि आता डोळ्यांचे डॉक्टर सांगतात, नजरेचा मधला भाग गेलाय. कडेचं दिसतं, समोरचं नाही. गाडी चालवायची नाही. बाबांचं म्हणणं, त्याचं मशीन बिघडलंय.


बुधवार, ५ मार्च

किल्ली पिठाच्या डब्यात लपवली.


गुरुवार, ६ मार्च

त्यांच्याकडे दुसरी किल्ली आहे. कुठे ठेवतात देव जाणे.

सकाळी ते आंघोळीला गेल्यावर बॉनेट उघडून बॅटरीची वायर काढून ठेवली. संध्याकाळी मलाच समोर बसवून ऐकवलं — वायर सैल झाली होती, मी घट्ट केली, तुझं कधी लक्षच नसतं गाडीकडे. मी मान खाली घालून हो हो केलं. गाडीची नस न् नस ठाऊक असलेल्या माणसाशी गाडीवरून लपंडाव खेळायला निघाले होते मी.

दादाला फोन केला. तो दुसऱ्या शहरात, मीटिंगमध्ये. म्हणाला, तू तिथे आहेस ना, तूच समजावून सांग. समजावून सांग! आई गेल्यापासून या घरात समजावण्याचं खातं माझ्याकडे आहे आणि त्यात आजवर काही जमा झालेलं नाही.


शुक्रवार, ७ मार्च

साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की खांबांवर कॅमेरे बसणार. पुढे पायी फिरणाऱ्यांची गरज राहणार नाही. मला एवढंच वाटलं — खांबाला शिव्या देऊन लोकांचं समाधान कसं होणार?


सोमवार, १० मार्च

आज लिहायला हात धजत नाही. तरी लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला सांगणार.

पाळणाघराच्या कोपऱ्यावर होते. समोरून आमची निळी गाडी आली. मला वाटलं थांबतील. एक बाई मुलाला ढकलगाडीत घालून रस्ता ओलांडत होती, अगदी समोरून, गाडीच्या नाकासमोरून. बाबांना ती दिसलीच नाही. मी शिट्टी वाजवली. ती बाई ढकलगाडीसकट झटकन मागे सरली आणि गाडी फुटपाथच्या लोखंडी खुंटावर जाऊन बसली. मूल रडायला लागलं. रडलं म्हणून माझा जीव भांड्यात पडला.

बाबा खाली उतरले. आधी खुंटाकडे पाहिलं, मग आवाजाच्या दिशेने. बाईला म्हणाले, लागलं का हो बाळाला? तिने मला विचारलं, तुम्ही यांना काही करणार की नाही? गणवेश माझ्या अंगावर होता.

मी पावती फाडली. स्वतःच्या बापाची. वाहन फुटपाथवर. त्या रकान्यात याहून जास्त काही लिहिता येत नाही.


मंगळवार, ११ मार्च

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. बाबा कालपासून त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. चहाचा कप उचलताना बशीत खडखडला, तर मलाच म्हणाले, कप कशाला इतका भरतेस.

आज सकाळी पुन्हा किल्ली घेऊन बाहेर. मी दारात आडवी उभी राहिले. ते म्हणाले, बाजूला हो. हे त्यांनी ओरडून म्हटलं असतं तर मी हलले नसते. पण ते हळू म्हणाले. मी बाजूला झाले.


बुधवार, १२ मार्च

दुपारी टोइंगवाल्याला भेटले. त्याचं खरं नाव ऑफिसात कुणी घेत नाही, गाडीला लोखंडी आकडा लावून उचलतो म्हणून आकडेवाला. आडदांड माणूस, पण उचललेल्या गाडीत कुणाची खेळणी दिसली तर जप्त गाड्यांच्या आवारात खिडकीतून ऊन लागणार नाही अशी ती गाडी लावतो.

सगळं सांगितलं. उद्या सकाळी बाबा न्हाव्याकडे जाणार. न्हाव्याच्या दुकानासमोर नो पार्किंग आहे आणि बाबा तिथेच लावतात, कारण बाबांच्या मते ती पाटी इतरांसाठी आहे. म्हटलं, उचल. आवारात मागे कुठेतरी ठेव आणि कुणाला बोलू नकोस.

त्याने हातातला आकडा खाली ठेवला. मग म्हणाला, "ताई, बापाची गाडी?"

म्हटलं, उद्या एखादं मूल गेलं तर?

तो हो म्हणाला. नजर मात्र दिली नाही.


गुरुवार, १३ मार्च

उचलली.

मी तिथे नव्हते. मुद्दाम बाजाराच्या टोकाला ड्यूटी मागून घेतली. बघवलं नसतं. त्या वेळी मी भाजीच्या एका टेम्पोवाल्याशी वाद घालत होते आणि तो काय म्हणत होता ते मला ऐकूच येत नव्हतं.

घरी आले तर बाबा खुर्चीत. दाढी गुळगुळीत. किल्ली मांडीवर. म्हणाले, गाडी सापडत नाहीये.

मी सगळी तयारी करून ठेवली होती. चोरीला गेली असेल, आजकाल फार चोऱ्या होतात वगैरे. तेच बोलले. वर ढोंग करून म्हटलं, पोलिसांत जाऊ या का? म्हणून बसले आणि मग लक्षात आलं. पोलीस पहिला फोन आमच्याच ऑफिसात करणार.

"पोलीस नको," बाबा म्हणाले. "चोरी नाही. मीच कुठेतरी लावली. आठवत नाही."

मला हे सुचलंच नव्हतं. रागावतील, चोराला शिव्या घालतील, सगळं धरून चालले होते मी. पण हे?


शनिवार, १५ मार्च

बाबा कालपासून सकाळी गाडी शोधायला निघतात. किल्ली घेऊन, पायी.

आज ते माझ्याच हद्दीत दिसले. उभ्या गाड्यांच्या रांगेतून हळूहळू चाललेत, एकेका बॉनेटवरून हात फिरवत. किराणावाल्याने विचारलं, काय शोधताय मास्तर? म्हणाले, माझी गाडी. किराणावाला दुकान सोडून त्यांच्याबरोबर फिरला. शिंपीणबाईही निघाली. तीन गल्ल्या पालथ्या घातल्या म्हणे. येता येता बाबांनी दोघातिघांना गाडी नीट लावायला सांगितली, आणि त्यांनी ती लावलीही! माझ्या पावतीने जे होत नाही ते.

मी खांबाआड उभी. मी हे काय करून ठेवलंय?


सोमवार, १७ मार्च

दादाचा फोन. बाबांनी त्याला स्वतःच सांगितलं, गाडी कुठे लावली ते विसरलो म्हणून.

दादा म्हणाला, अगं, हे डोळ्यांचं नाहीये, हे डोक्याचं आहे. वहिनीच्या काकांचं असंच सुरू झालं होतं. त्याच्या शहरात एक जागा आहे म्हणे, म्हाताऱ्या माणसांसाठी. स्वच्छ. डॉक्टर चोवीस तास. बाग आहे. बाग आहे हे तो दोनदा म्हणाला.

मी म्हणायला हवं होतं. त्याच क्षणी. दादा, गाडी मी उचलायला लावली, बाबांचं डोकं तुझ्यामाझ्यापेक्षा शाबूत आहे. पण सांगितलं की गाडी परत येणार. किल्ली त्यांच्या हातात. आणि पाळणाघराचा कोपरा तिथेच आहे.

आणि शाबूत आहे हे तरी मी कशावरून म्हणते? उचललेली गाडी कुणाला सापडणार नाही, हे खरं. पण कुठे लावली होती ते तर आठवायला हवं ना? न्हाव्याचं दुकान. तेवढंही आठवत नाही त्यांना. मी खोटं बोलले आणि खोट्याखाली खरंच निघालं, असं तर नाही?


मंगळवार, १८ मार्च

पाच जणांनी शिव्या दिल्या. बरं वाटलं.


गुरुवार, २० मार्च

आकडेवाल्याला गाठायला आवारात गेले. तो नाही. पाठ धरली म्हणून रजेवर. तारेच्या कुंपणातून आमची गाडी दिसली. मागे, भिंतीच्या सावलीत. वायपरखाली माझीच जुनी पावती.


रविवार, २३ मार्च

दादा आला. फळं आणली, बाबांना मिठी मारली. तो वाईट नाही. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

जेवण झाल्यावर त्याने हळूच सुरू केलं. बाबा, आज वार कोणता? बाबांनी सांगितला. तारीख? सांगितली. वर विचारलं, तुला माहीत नाही का? मी हसले, दादाही हसला. मग त्याने विचारलं, गाडी कुठे लावली होती?

बाबा खिडकीकडे बघत राहिले. कडेने बघतात ना, त्यामुळे नक्की कुणाकडे बघतात ते कळत नाही.

मी बोलायला सुरुवात केली. "दादा, ती गाडी मी —"

"तू आधी चहा टाक," बाबा म्हणाले. "पोरगा इतक्या लांबून आलाय." आणि मग दादाला, "नाही रे आठवत. तू म्हणतोस ती जागा कशी आहे? मी येतो तिकडे."

मी स्वयंपाकघरात गेले. दूध उतू गेलं तरी उभीच. धीर एकदाच गोळा होतो माझ्यात, दुसऱ्यांदा होत नाही. बाहेर आले तोवर दोघांचं ठरलं होतं. पुढच्या रविवारी दादा न्यायला येणार.

रात्री बाबांना विचारलं, खरंच जाणार? म्हणाले, इथे तरी काय करू? गाडी नाही. तुझ्यावर भार कशाला अजून.


मंगळवार, २५ मार्च

त्यांचे स्वेटर धुवून वाळत घातले. ते बाजूला बसून बटणं चाचपत होते, कुठलं सैल आहे का. एक सापडलं. सुई मला ओवून द्यावी लागली. टाका मात्र स्वतः घातला, न बघता. ही माणसं अशी धडधाकट दिसत असताना आपण त्यांना पाठवतो आणि वर बाग आहे म्हणून सांगतो.

सांगायचं ठरवलं होतं. नाही सांगितलं. सांगून तरी काय, दादाने त्यांना स्मृतिभ्रंश झालाय हे मनात पक्कं केलंय, आणि आता मलाही तेच वाटायला लागलंय.


बुधवार, २६ मार्च

काही नाही.


गुरुवार, २७ मार्च

आकडेवाला कामावर आला. आवारात गेले. म्हटलं, गाडी विकून टाकायची आहे, बाबा रविवारी जाताहेत, त्यांचं डोकं राहिलं नाही, गाडी कुठे लावली होती तेही आठवत नाही.

तो म्हणाला, "कुणाचं डोकं? ताई, मी आकडा लावतोय आणि बाबा दुकानातून बाहेर आले. गळ्यात टॉवेल, अर्ध्या गालाला फेस. म्हटलं, आता मार खातो. तर म्हणाले, मागून नको, पुढून उचल, आणि आधी हँडब्रेक काढ. स्वतः दार उघडून काढला. मग विचारलं, पोरीने सांगितलं ना? बरं केलं तिने, माझ्याने गाडी सुटली नसती. मी पाहिलं हे तिला सांगू नकोस, जन्मभर मनाला लावून घेईल. मला शपथ घातली."

तिथूनच दादाला फोन लावला.

"रविवारी येऊ नकोस. बाबांना सगळं आठवतंय."