लुईझाच्या पिना

२ नोव्हेंबर १९९८, सोमवार
आले बाई एकदाची! गुहागरहून आचोळ्याला दादा-वहिनीच्या फ्लॅटवर येऊन आठवडा होत नाही तोच नोकरी लागली. दाताचा दवाखाना. फोन घ्यायचे, पेशंटना नंबर द्यायचे, हत्यारं उकळायची. माणसं तीनच: डॉक्टर, झाडलोट करणाऱ्या रिटामावशी आणि अस्मादिक, कु. विनिता. डॉक्टर माझ्या बाबांच्या वयाचे, मला बेटा म्हणतात. ॲप्रन मिळाला तो आधीच्या मुलीचा, लुईझाचा. ती लग्न करून गेली म्हणे. गळ्याशी आतून तीन सेफ्टी पिना लावलेल्या. दवाखान्यात यायची की लढाईला? हसत काढल्या आणि ड्रॉवरमध्ये टाकल्या.
दादाने बजावलंय, कानावर काही वेडंवाकडं आलं की पहिल्या एसटीने गावी, आणि दापोलीच्या त्या स्थळाला होकार. तेव्हा इथे टिकायचंच.

५ नोव्हेंबर
ॲप्रन घालायला घेतला तर पिना पुन्हा जागच्या जागी. ही कारागिरी रिटामावशींची, असं वाटून त्यांना विचारलं. त्यांनी झाडू खाली ठेवला, कपाळाला-छातीला क्रूसाची खूण केली. "लुईझाच्या हायत त्या. कोनी लावल्या मला नको विचारू," म्हणाल्या आणि बादली घेऊन गेल्या.
आज डॉक्टरांनी माझी कॉलर नीट केली. ती नीटच होती.

११ नोव्हेंबर
रोज काढते, रोज असतात. ड्रॉवरला कुलूप लावून किल्ली घरी नेली, तरी सकाळी ॲप्रनला पिना आहेतच.
दुपारी एक्स-रेच्या खोलीत डॉक्टर माझ्या मागे येऊन उभे राहिले. खोली एवढीशी, म्हटलं जागा नसेल. हात खांद्यावर ठेवला. मग तो खाली सरकला आणि ते एकदम ओरडले. बोटातून रक्त. पिन उघडली होती. मी हात लावला नव्हता, ती आपली आपण उघडली. आणि माझ्या मानेवर कुणाचा तरी गार, ओला श्वास, खाऱ्या पाण्याचा वास.
मी घाबरले ती त्या श्वासाला. डॉक्टरांच्या बोटाला कापूस मीच लावला.

१४ नोव्हेंबर
रिटामावशींना खनपटीलाच बसले. लग्न कुठलं नि काय! लुईझा पाचूबंदरची, कोळ्याची मुलगी. गेल्या वर्षी समुद्रात जीव दिला. का, ते मावशी सांगेनात. नुसत्या एक्स-रेच्या खोलीच्या दाराकडे बघत राहिल्या.

१६ नोव्हेंबर
वहिनीला सगळं सांगितलं. पिनांचं ऐकून तिच्या अंगावर काटा आला, लगेच देवापुढे दिवा लावला. मग हाताचं सांगितलं. तर म्हणाली, एवढी मोठी माणसं ती, चुकून लागला असेल, आणि दादाला यातलं काही बोलू नकोस.
भूत पटलं तिला. हात पटला नाही. मोरीत जाऊन रडले.

१९ नोव्हेंबर, अमावस्या
वहिनीने चांदीपच्या धर्मा भगताकडे नेलं. नारळ उतरवला, दंडाला काळा दोरा. पिना लिंबात टोचून नदीत सोडायला सांगितल्या. आता ती फिरकणार नाही म्हणाला. लिंबू मीच सोडलं. केवढं हायसं वाटलं.

२० नोव्हेंबर
ॲप्रनला पिना नाहीत. श्वास नाही. वास नाही.
डॉक्टरांनी दोनदा बोलावलं आत. दुसऱ्यांदा कडी—
नाही लिहवत.
घरी येऊन अंघोळ केली. परत केली. वहिनीने विचारलं, आता बरं वाटतंय ना?

२१ नोव्हेंबर, दुपार
दवाखान्यातच आहे. पेशंट नाहीत. डॉक्टर जेवून येतो म्हणाले. मला थांबायला सांगितलंय, मावशींना घरी जायला. गेलीस तर दादाला फोन करीन, मुलीचं वागणं बरं नाही म्हणून. हसत म्हणाले.
दादा कुणाचं खरं मानेल, मला माहीत आहे—

लुईझा, चुकलं गं माझं. तुलाच भ्याले. तुलाच हाकललं. दोरा तोडून टाकलाय बघ. ये ना—

कुणी येत नाही.

मावशी निघाल्या. दारातून परत आल्या. आपल्या पोलक्याची पिन काढून माझ्या हातात दिली, माझी मूठ मिटली. डोळ्यांत पाणी. म्हटलं, मावशी, थांबा ना. मान खाली घालून गेल्या—

जिन्यात डॉक्टरांच्या चपला.

लुईझा, तुझ्या त्या तीन पिना— त्याही मावशींनीच तुला— एकेक करून— आणि दर वेळी अशाच घरी—