मोहोराखालचा धूर

आबा, तुमच्याशी मी एकदा खोटं बोलले होते, तेच आज लिहितेय. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, हे पत्र कुठं टाकायचं तेही मला ठाऊक नाही, तरी लिहितेय.

ते माघाचे दिवस. जायला निघालेली थंडी रिह्याच्या खोऱ्यात परत फिरली आणि पहाटे बांधावरच्या गवतावर दव पांढरं गोठू लागलं. ओढ्याकाठच्या आपल्या सात आंब्यांना तेव्हा मोहोर गच्च आलेला. अशा पहाटे मोहोर गारठ्यानं जळू नये म्हणून तुम्ही झाडांखाली गोवऱ्या पेटवून वर ओलसर पेंढा टाकायचात आणि धूर फांद्यांत रेंगाळेपर्यंत खोकत तिथंच बसायचात. आई म्हणायची, "पोरांना बी येवढं जपलं न्हाई ह्यांनी!" खोटं नव्हतं ते. त्या वर्षी मात्र छातीच्या दुखण्यानं तुम्ही अंथरूण धरलंत आणि धुराचं काम माझ्याकडं आलं. चार दिवस मी ते केलंही. पाचव्या दिवशी पिरंगुटच्या कंपनीत माझी सकाळची पाळी होती. आदल्या दिवशी तिथल्या मुली नाक धरून म्हणाल्या होत्या, "चुलीतनं उठून आलीस का गं?" मला ते फार लागलं होतं. मी नवा ड्रेस घातला आणि झाडांकडं न जाता सरळ बसची वाट धरली. निघताना तुम्ही आतून विचारलंत, "धूर बसला का गं खाली?" मी म्हणाले, "बसला, आबा. तुमी पडा."

दोन-तीन दिवसांत मोहोर काळा पडला, हात लावला की चुरा व्हायचा. तुम्ही काठी टेकत आलात आणि एकेक फांदी वाकवून पाहिलीत. मी मागं उभी. आता सांगून टाकावं असं वाटत होतं, तेवढ्यात तुम्हीच म्हणालात, "माझंच चुकलं. पेंढा लई वला घ्यायला सांगितला तुला. तू तर उठली व्हतीस बिचारी." शेजारच्या काकांनाही तुम्ही तेच सांगितलंत. त्यापेक्षा मला एक सणसणीत ठेवून दिली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर तुम्ही झाडांकडं फिरकला नाहीत. "आता माज्या हातनं व्हायचं न्हाई," म्हणालात आणि तो तुकडा पुण्याच्या एका माणसाला विकलात. त्यानं झाडं तोडून बंगल्यापुढं हिरवळ केली. करवतीचा आवाज घरापर्यंत यायचा आणि तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडून राहायचात. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात. मोहोर जळला म्हणून माणूस जात नाही, एवढं मला कळतं. पण तुम्ही स्वतःला दोष देत गेलात आणि तो दोष मी एका वाक्यात काढून घेऊ शकले असते. आबा, ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही, याचं दुःख मला अजून जाळतं.

हे लिहून निदान आईला तरी वाचून दाखवायचं, असं परवापर्यंत मनात होतं. आता नाही जमणार. काल तिच्यासमोरच माझ्या मुलीनं विचारलं, "आपली आंब्याची झाडं का गं गेली?" आई माझ्याकडं बघत राहिली. आणि मी म्हणाले, "तुझ्या आज्याचं चुकलं गं त्या वर्षी."