निकामी

लातूर, मंगळवार, वैशाख.

जिल्हा नवा झाला, दवाखान्याला जिल्ह्याची पाटी लागली. त्याच दवाखान्यात आज दुपारी डॉक्टर मायच्या खाटेपाशी म्हणाले, "दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालीत."

निकामी! रेणापूरच्या शिवारात जिनं एक दिवस बसून खाल्लं नाही, तिच्यासमोर हा शब्द?

ते गेल्यावर मायनं विचारलं, "काय म्हनले रे?"

कॉलेजात मी पोरांना शरीरशास्त्र शिकवतो, पण मायला कसं सांगू? "गुर्दे, माय. रगत गाळायचं काम गुर्द्याचं. पाणी कमी पडलं की ते थकतात."

माय म्हणाली, "गावात टँकर रोज कुठं येतंय? माझ्या वाट्याचं पानी मी धाकल्या सुनंला देत व्हते. ती लेकराला अंगावर पाजतीया ना."

घरात कुणालाच कसं कळलं नाही?

"दूदबी रगतातूनच व्हतं का रे?"

"हाव."

"मंग लेकराला पोचलं म्हन की."

केवढं समाधान त्या आवाजात! रक्त, दूध, मूत्र. वर्गात तीन वेगळे धडे, मुळाशी एकच पाणी. कितीदा फळ्यावर लिहिलंय मी हे. आणि तिला निकामी म्हणायचं?

संध्याकाळी तिनं पाणी मागितलं. अंगावर सूज चढलीय, म्हणून डॉक्टरांनी पाणी तोडलंय. मी ओला कापूस तिच्या ओठांवरून फिरवला. तिनं तो चोखला, माझ्याकडे बघितलं.

"हितंबी टंचाईच हाय का रे?"

मी "हाव" म्हणालो.