डिश खाली घेऊ का, दादा?

दादा,

नाही म्हणजे नाही! टीव्हीची डिश उंचावरच पाहिजे, हा तुझा हट्ट मला तेव्हाही पटला नव्हता आणि आताही पटत नाही. तू गेलास म्हणून मी हरलो असं समजू नकोस.

आज लिहायला बसलो कारण सकाळी वहिनीचा फोन आला. आपल्या मांजरी गावात वारं सुटलं, टीव्हीचं चित्र गेलं, तर ही बाई पदर खोचून पत्र्यावर चढली! ज्या पत्र्यावरून तू घसरलास त्याच! मी ओरडलो, तर म्हणते, "भावजी, तुमच्या दादांनी बसवलीया ती. दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायची न्हाई मी."



इथे हिमाचलात मी तुझंच, डिश बसवायचं काम करतो. पहिल्या हिवाळ्यात सगळं तुझ्यासारखं केलं. वाघोलीत पावसासाठी डिशच्या पुढच्या डबीवर आपण दुधाची पिशवी बांधायचो, तशी इथे गल्लीभर बांधली. पिशवीच्या चुण्यांत बर्फ भरला, गोठला आणि सगळ्यांचे टीव्ही बंद! एक आजी म्हणाली, "पुणेवाल्या, टोपी घातलीस, आता स्वेटर पण विणू का हिला?"

मग शिकलो. बर्फ मऊ कुंच्याने झाडायचा. खरवडायचा नाही, डिश हलते. गरम पाणी ओतायचं नाही, तेच गोठून बसतं. आणि डिश अशा जागी लावायची, की म्हाताऱ्या माणसाचा कुंचा जमिनीवरून पोचेल. समोर आभाळ मोकळं असलं की झालं. उपग्रह इतका लांब, त्याला आपला पत्रा काय आणि अंगण काय!

तू म्हणायचास, "खाली लावली की म्हशी शिंगं घासतात." अरे, म्हशी विकून गोठ्यात भाडेकरू ठेवलेस ना तू? मग? त्या दिवशी भर पावसात वर चढलास. आईची मालिका एक दिवस बुडली असती, तर काय बिघडलं असतं रे?

वहिनीला म्हटलं, दादाला विचारून सांगतो. ती हसली नाही. "विचारा," एवढंच म्हणाली.

म्हणून विचारतोय. डिश खाली घेऊ का?

गप्प आहेस. भांडणात तू गप्प बसलास, की त्याचा अर्थ एकच असायचा: कर बाबा तुला हवं ते. मी तसंच धरतो.

बर्फाने रस्ता बंद आहे, मला निघता येत नाही. पण तुझ्या हाताखालचा सलीम उद्या येतोय. मी फोनवरून दाखवीन, तो अंगणात बसवेल. शब्द देतो दादा, आपल्या घरातलं कुणी पुन्हा त्या पत्र्यावर चढणार नाही.

नवा खांब, वायर आणि सलीमची मजुरी धरून वहिनीला अठराशे रुपये पाठवतोय.

तुझा,
बाळू