रणजीतच्या शेजारची चौकट

३ फेब्रुवारी १९९९, बुधवार

ह्यांचं नाक सगळ्या पडद्यावर पसरलं! एक चौकट जरा ओढायला गेले आणि बाकीचे सगळे कोपऱ्यात चेंगरले. मी, रणजीत, सासूबाई, सगळे. मधे नुसतं नाक!

अजितने जाताना बजावलं होतं, "मावशी, मांडणीला हात लावू नकोस." भाचा हुशार, पण मावशीला ओळखत नाही. जुना कॉम्प्युटर मला दिला, इंटरनेटवर घरचं पान करून दिलं. तीन-तीनच्या दोन ओळी, सहा चौकटी, सहा फोटो. कडेला फुगे, ते तयार नमुन्यातच येतात म्हणे. आणि स्वतः दोन-अडीच महिने सिंगापूरला गेला.

मला सातवी चौकट हवी आहे. रणजीतच्या शेजारी.

५ फेब्रुवारी

आज सगळे एकाखाली एक. रेशनच्या रांगेत उभे केल्यासारखे.

८ फेब्रुवारी, सोमवार

सातवी चौकट आली, पण खाली. तिसऱ्या ओळीत एकटीच, डावीकडे. तशी मला नको. खाली नको, शेजारी हवी. अजितने सूचना लिहून दिलेल्या वहीत ह्याचं काही नाही.

इथे खरं लिहायला काय हरकत आहे? दोन वर्षांपूर्वी जे. पी. नगरला अजितच्या मुलाची मुंज होती. रणजीत-हर्षिताचं रजिस्टर लग्न होऊन महिना झालेला. तिचं आधीचं लग्न मोडलेलं, म्हणून ह्यांना ती पसंत नव्हती. फोटोला सगळे उभे राहिलो. ती रणजीतच्या शेजारी आली. हे सगळ्यांसमोर म्हणाले, "तू स्वल्प बाजूला हो. हा फक्त घरच्यांचा आहे."

ती झाली बाजूला. रणजीतही झाला. "मग मीही घरचा नाही." दोघं तिथूनच गेले. पुढच्याच महिन्यात मस्कत, हॉटेलातली नोकरी. पत्र नाही, फोन नाही.

आणि मी काय केलं? पदर नीट केला आणि कॅमेऱ्याकडे बघितलं.

१२ फेब्रुवारी

आज हे येऊन मागे उभे राहिले. म्हटलं, बघा तुम्हीच. तर माउस उचलून टीव्हीच्या रिमोटसारखा पडद्यासमोर धरला! किती दिवसांनी हसले मी. कॉम्प्युटर सुरू कुठून होतो तेही ह्यांना ठाऊक नाही. अख्खं आयुष्य कारखान्यात मशीनवर गेलं आणि ह्याला भितात.

मग त्यांनी विचारलं, "शेजारीच घालतेयस?"

"हो."

"सरी," म्हणाले आणि फुलझाडांना पाणी घालायला गेले. कानडीत सरी म्हणजे बरं, पण ह्यांच्या 'सरी'चा अर्थ काय काढायचा? बत्तीस वर्षं झाली, अजून कळत नाही.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

जमलं!! मीच केलं, एकटीने! वरच्या ओळीत चार चौकटी, सगळ्यांच्या सारख्या. हर्षिताचा निळ्या साडीतला फोटो ट्रंकेत साड्यांखाली ठेवला होता. दुकानातून फ्लॉपीवर उतरवून आणला, कॉम्प्युटरमधे घातला, तिथून उचलून पानावर लावला. खाली इंग्रजीत लिहिलं, हर्षिता, आमची सून. मराठी अक्षरं येत नाहीत त्याला काय करणार!

ह्यांना बोलावलं. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "जेवायचं काय?" राग आला. पण आज कशाचंच वाईट वाटून घ्यायचं नाही.

रणजीतचा ई-मेल पत्ता अजितने देऊन ठेवला होता. दोनच ओळी लिहिल्या. आपल्या घराचं पान केलंय, दोघं मिळून बघा. पाठवलं.

१८ फेब्रुवारी

उत्तर नाही. बेळगावला अक्का आजारी आहे, आज निघते. निघण्याआधी पान एकदा उघडून बघितलं. किती शोभून दिसतात दोघं!

२२ फेब्रुवारी

परत आले. आल्या आल्या कॉम्प्युटर लावला. टेलिफोनची लाइनच लागत नाही.

२४ फेब्रुवारी, बुधवार

रणजीतचं उत्तर. वीस तारखेचं आहे. अख्खं इथे उतरवून काढवत नाही.

"...सगळ्यांचे फोटो आहेत. हर्षिताच्या चौकटीत लाल फुली. खाली तिचं नाव आणि वर फुली... ती माझ्या शेजारी उभी राहून बघत होती... एवढं करायला बोलावलंस, आई? ...ते पान मी पुन्हा उघडणार नाही. तूही लिहू नकोस."

धावत जाऊन पान उघडलं. फोटो आहे! निळी साडी, कपाळावरची टिकली, सगळं जागच्या जागी आहे. मग फुली कुठून आली?

मी बेळगावला होते. घरात हे एकटे. पासवर्ड वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलेला. ह्यांना येत नसेल, पण गल्लीतला तो गुंडो कॉम्प्युटरचं दुकान घालून बसलाय ना! त्याच्याकडून करून घेतली फुली. मी यायच्या आत फोटो परत लावला.

२५ फेब्रुवारी

काल रात्रभर मी धुमसत होते. सकाळी विचारलं. विचारलं कसलं, तोंडाला येईल ते बोलले. गुंडोचं नाव घेतलं, वही समोर आपटली. "फोटोतून काढलीत, पोट भरलं नाही? आता पानावरूनही काढलीत?"

हे शेंगा सोलत होते. हात थांबले. मग म्हणाले, "रणजीतने काय लिहिलंय? वाच बघू पुन्हा."

वाचलं. रडतच वाचलं.

हातातली शेंग खाली ठेवून म्हणाले, "हो. मीच करवून घेतली."

एवढंच. माफी नाही, काही नाही. पुन्हा शेंगा सोलायला लागले. अशा माणसाबरोबर मी बत्तीस वर्षं काढली!

१ मार्च

ताट वाढते. बोलत नाही.

१२ मार्च, शुक्रवार

फोन आला! रणजीतचा!

"आई, बाबांनी नंबर शोधून इथे हॉटेलवर फोन केला होता. कबूल केलं त्यांनी. म्हणाले, तुझ्या आईने फोटो लावला होता, तिचा ह्यात काही दोष नाही, तिच्याशी बोल." आवाज तसाच, थोडा जाड झालाय. "मी तुला काय काय लिहिलं, आई..."

मग हर्षिता. "अत्ते, ऊट आयिता?" जेवलात का, म्हणून विचारते! दोन वर्षांनी पहिलं वाक्य काय, तर सासू जेवली का! मी त्या दिवशी कॅमेऱ्याकडे बघत राहिले होते, आणि ती हे विचारते.

दर शुक्रवारी सुट्टीला फोन करणार आहे. शेवटी म्हणाला, "बाबांना मात्र देऊ नकोस." मी म्हटलं, नाही देणार.

हे तेवढ्यात चपला घालून बाहेर पडले होते.

२६ मार्च

आता शुक्रवारी घंटी वाजली की हे चपला घालतात. स्टेशनच्या रस्त्याने कुठेतरी जातात आणि तासाने येतात. काय म्हणाला, असं कधी विचारत नाहीत. मीही सांगत नाही. भोगा म्हणावं.

९ एप्रिल, शुक्रवार

मे महिन्यात येतायत! मारतहळ्ळीला, हर्षिताच्या माहेरी उतरणार. "तू ये तिथे. एकटी ये."

ह्यांना ऐकू जाईल असं मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "हो, एकटीच येते."

१८ एप्रिल, रविवार

अजित परतला. आज जे. पी. नगरला गेले होते त्याच्याकडे. मोठ्या तोऱ्यात म्हटलं, लाव तुझा कॉम्प्युटर, बघ मावशीने काय केलंय!

पान उघडलं. फुगे आले. हे आले, मी आले, रणजीत आला. त्याच्या शेजारी रिकामी चौकट. आत लाल फुली.

अजित हसला. हसलाच! "मावशी, फोटो तू चढवलाच नाहीस. तो तुझ्याच मशीनमधे आहे. म्हणून फक्त तुला दिसतो. बाकी जगाला फुली. ती आपोआप येते, नवीन शिकणारे सगळे हीच चूक करतात." दोन मिनिटांत नीट करूनही दिलं.

म्हणजे कुणी काही केलंच नव्हतं. पहिल्या दिवसापासून फुलीच होती. मी लावलेली. माउस रिमोटसारखा धरणारा माणूस, आणि मी म्हटलं पानावरून काढलीत!

घरी येईपर्यंत दोन बस बदलल्या. एकाही थांब्याचं भान नव्हतं. हे झाडांपाशी होते. बावन्न दिवसांनी मी तोंड उघडलं. "का म्हणालात मीच म्हणून?"

हातातली झारी त्यांनी खाली ठेवली. "मी नाही म्हटलं असतं, तर दोष द्यायला घरात उरलं कोण? तूच ना. माझ्याशी तो तसाही बोलत नाही." मग म्हणाले, "आणि त्या दिवशी तिला बाजूला हो म्हणालो, ते तर मीच ना."

मी पायरीवर बसून रडले. म्हटलं, शुक्रवारी त्याला सगळं सांगते. "नको," म्हणाले. पण दोनदा विचारलं, शुक्रवारी कितीला येतो फोन?

२३ एप्रिल, शुक्रवार

रणजीतला सगळं सांगितलं. फ्लॉपी, फोटो, माझी चूक. अजितला विचार, म्हटलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अजितलाही सांगून ठेवलंस? आई, त्यांना पाठीशी घालू नकोस. त्यांनी स्वतः कबूल केलंय मला."

हे आज बाहेर गेले नव्हते. इस्त्रीचा सदरा घालून फोनजवळ उभे होते.