परत जाणारं माणूस

आई, आज सकाळी औशाच्या माळावर गेलो, दुपारी परत आलो आणि तेव्हापासून नुसता पडून आहे. गुडघे बोलतायत, कंबर बोलतेय. तुझी सून लेकीकडे गेलीय, त्यामुळे चहासुद्धा माझा मलाच करून प्यावा लागला, आणि तो कसा झाला ते विचारू नकोस. तू जाऊन इतकी वर्षं झाली की भिंतीवरच्या तुझ्या फोटोचा रंग उतरत चाललाय. पण आज जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही, म्हणून तुलाच सांगतो.

ती मुरमाची खदान आठवते ना? उन्हाळ्यात सगळा माळ करपला तरी तिच्या तळाला थोडं पाणी टिकून राहायचं आणि ऊन वर चढलं की पखुर्ड्या तिथं प्यायला उतरायच्या. कबुतराएवढं पाखरू, अंगाचा रंग मातीचा, बसलं की मातीत हरवून जाणारं. मला त्यातला नर फोटोत हवा होता, पाण्यात पोट टेकवून पिसं भिजवताना. त्या ओल्या पिसांतून तो लांब माळात बसलेल्या पिल्लांना पाणी नेतो. लांडगे मिळाले, काळवीट मिळाले, कुरणावर घिरट्या घालणारे भोवत्या शिकारी पक्षी मिळाले, एवढा एक फोटो काही मिळाला नाही. आणि त्या फोटोसाठी माणसं दोन लागतात. पाखरं कितीही हुशार असली तरी त्यांना मोजता येत नाही. लपणापाशी, म्हणजे फोटो काढणाऱ्यानं दडून बसायच्या पोत्याच्या खोपटापाशी, दोघं आली आणि त्यातलं एक जण चांगलं दिसेल, ऐकू येईल असं परत गेलं, की त्यांना वाटतं, गेलं माणूस. मग ती उतरतात. ते परत जाणारं माणूस म्हणजे तू.

लपणही तूच शिवलंस. स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून बसली होतीस, मांडीवर पोती, हातात दाभण, आणि तोंडाचा पट्टा चालू. "शाळेत शिकवायचं सोडून ह्यो पाखरामागं लागून राहिलाय. दुसऱ्याची पोरं बघ, प्लॉट घेऊन राहिलेत. ह्याला पोत्यात बसायचंय!" मी हसतोय आणि तू टाका घट्ट ओढतेस. चुलत्यांनी एकदा म्हटलं होतं, वहिनी, पोराला आवरा. तेव्हा मात्र तू त्यांना असं काही बोललीस की ते पाणी न पिता गेले. पुढच्या रविवारी तुझ्या हातात भाकरी आणि शेंगाच्या चटणीचा डबा होताच, स्कूटरवर मागं बसायला तयार.

मला लपणात घातलंस की तू मोठ्यानं सुरू व्हायचीस. "निघाले रे बाबा मी! बस आता खड्ड्यात! खामखा हैराण केलंय म्हातारीला! मेल्या, भाकरी खा येळंवर!" तुझा आवाज लांब लांब जायचा आणि मी फटीला डोळा लावून तो कधी संपतो याची वाट बघायचो. माझा हुकूम होता तुला, वाटेत थांबायचं नाही आणि वर, मागं काही बघायचं नाही. चालतं माणूस पाखरं सोडून देतात, थांबलेल्याला भितात. तू सरळ सडकेपर्यंत जायचीस आणि कडुलिंबाखाली दुपार होईस्तोवर बसून राहायचीस. मला वाईट वाटायचं, आई. एवढी पायपीट करून तुला एक पाखरू बघायला मिळायचं नाही. एकदा म्हटलं, आज तू आत बस, मी परत जातो. तर म्हणालीस, "मला काय करायचंय तुझ्या पाखराचं? पुढच्या बारीला बघू." ती बारी काही आली नाही.

आता त्या माळावर सोलारवाल्यांचं कुंपण आलंय. लोखंडी खांब रोवून झालेत, खदान उद्या बुजवणार. राखणदार ओळखीचा, तो म्हणाला, "सर, आजचा दिस जावा, उद्यापासून न्हाई जमायचं." मला लपणात दोन-तीन तास उकिडवं बसणं आता शक्य नाही. नांदेडच्या एक मॅडम आहेत, कॉलेजात शिकवतात, पाखरांचे फोटो फार जीव लावून काढतात. म्हटलं आपल्याला नाही तर नाही, निदान कुणाला तरी तो नर मिळू दे, आणि त्यांना बोलावून घेतलं. त्या संकोचल्या. "सर, तुम्हीच बसा, मी जाते ना परत." मी म्हटलं, "मॅडम, मी बसलो तर उठवायला क्रेन बोलवावी लागेल." मग बसल्या, तू शिवलेल्या त्याच लपणात.

मी निघालो आणि मोठ्यानं काय बोलावं तेच सुचेना. मग तुझंच तोंडात आलं. निघालो रे बाबा, हैराण केलंय, दुखतंय सगळं, कंटाळा आलाय या सगळ्याचा. असं बोलत चाललो होतो, आणि तेवढ्यात समोरून पखुर्ड्या आल्या. अगं, केवढ्या! सगळा थवा माझ्या डोक्यावरून, एवढा खाली की पंखांचा वारा कळावा, आवाज करत, आणि उन्हात पोटाचा तो काळसर तांबडा रंग. लपणाच्या फटीतून मला आजवर दोन-चार दिसायच्या, त्याही पाण्यावर. हे मी कधी पाहिलंच नव्हतं. म्हणजे तू दर वेळी याच्याखालून चालत होतीस आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस!

मी थांबलो. मान वर करून उभाच राहिलो. थवा खदानीवर एकदा फिरला, पुन्हा फिरला आणि वळून निलंग्याच्या अंगाला निघून गेला. मग आल्याच नाहीत. मॅडम दुपारी बाहेर आल्या, चेहरा उतरलेला. "सर, उतरतच होत्या हो. काय झालं?" राखणदार फाटकाला लावायची साखळी घेऊन उभा होता. मी म्हटलं, "ससाणा आला होता." त्यांना पटलं. उलट माझंच सांत्वन करत बसल्या.

हा कागद लपणाच्या घडीत ठेवून देतो, दुसरं कुठं टाकणार. मॅडमना खरं सांगायचं धाडस अजून झालेलं नाही, तुला सांगतो. ससाणा नव्हता, आई. मी होतो, बघत उभा. माझ्या एका फोटोपायी तू इतक्या वेळा त्यांच्याखालून मान खाली घालून गेलीस, एकदासुद्धा थांबली नाहीस. मला एकदा जमलं नाही गं.